द्राक्षांचें साल : बोर्डो प्रांतापासून घ्यावयाचा एक धडा

बोर्डो हें नांव आमच्या बागाईतदार बंधूंस नवें नाहीं. मोरचूद व चुना यांचें जें निळें मिश्रण आपण द्राक्षांवर व सुपारीवर फवारितों, तें ह्याच नांवानें खेडोपाडीं ओळखलें जातें. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस असलेल्या बोर्डो प्रांतांत, मेदोक नामक भागांत, वाटसरूंनीं रस्त्याकडेचीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून मळेवाले वेलींवर हें मिश्रण शिंपडीत असत. १८८२ सालीं केवडा रोगानें आसपासच्या वेलींचीं पानें गळालीं, परंतु ह्या शिंपडलेल्या वेली हिरव्या राहिल्या. बोर्डो येथील प्राध्यापक मियार्दे यांच्या तें नजरेस आलें, आणि पुढें प्रयोग करून १८८५ सालीं त्यांनीं हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांस भिवविण्यासाठीं शेतकऱ्यांनीं केलेली एक युक्ति, आणि डोळे उघडे ठेवून ती पाहणारा एक मनुष्य, ह्या दोहोंच्या योगानें साऱ्या जगाच्या शेतीस औषध मिळालें.

त्याच प्रांतापासून घेण्यासारखी दुसरी एक गोष्ट आहे, ती मात्र आपण अद्याप घेतलेली नाहीं. ती म्हणजे हंगामाची तारीखवार नोंद. बोर्डोचा मळेवाला आपल्या तांबड्या वाईनच्या प्रत्येक बाटलीवर त्या पिकाचें वर्ष छापतो. वाईन पिण्याची शिफारस करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या विषयीं ज्याचें मत त्याजपाशीं असो. परंतु हंगामाचा ठसा पिकावर कसा उमटतो हें शिकावयाचें तर याहून सोयीचें पीक सांपडणें कठीण. आमची ज्वारी वर्षाच्या आंत खाऊन संपते, व तिचें वर्षही तिच्याबरोबर विसरलें जातें. तेथें मात्र तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वींचें पीक तळघरांत शाबूत असतें, आणि अमुक वर्षींचा पाऊस व ऊन यांनीं काय केलें याची साक्ष जिभेवर घेतां येते. म्हणून त्या लोकांनीं ह्या प्रश्नाचा जितका कसून विचार केला आहे, तितका फारच थोड्या पिकांच्या बाबतींत झाला असेल.

त्या विचाराचें सार आमच्या मतें असें आहे : वर्षाच्या पावसाची व उन्हाची बेरीज करून साल चांगलें कीं वाईट हें कळत नाहीं, पाऊस कोणत्या आठवड्यांत पडला व त्या वेळीं पीक कोणत्या अवस्थेंत होतें, हें पाहिलें तरच कळतें. वास्तविक ही गोष्ट आमच्या वाडवडिलांस पूर्ण ठाऊक होती. पाऊस किती इंच झाला हें ते विचारीत नसत. मृग लागला का, हस्त पडला का, हें विचारीत. हस्ताच्या ज्या पावसानें रब्बीची पेरणी साधते, तोच पाऊस महिन्याभरानें पक्व कणसांवर पडला तर ज्वारी काळी पडते. पाणी तेंच, पण एका वेळीं तें वर आणि दुसऱ्या वेळीं शाप. ही नक्षत्रांची भाषा आतां मागें पडत चालली आहे, आणि तिच्या जागीं दुसरी नेमकी भाषा आपण शिकलों नाहीं. राहिलें आहे तें "औंदा साल खोटें निघालें" एवढेंच वाक्य.

बोर्डो प्रांत सुमारें ४५ उत्तर अक्षांशावर, अटलांटिक महासागरापासून जवळ, गारोन व दोर्दोन्य ह्या दोन नद्यांच्या कांठीं पसरलेला आहे. तेथें पाऊस आमच्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाहीं. वर्षाकांठीं सुमारें ९०० मिलिमीटर, म्हणजे ३५-३६ इंच पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो. हिंवाळ्यांत अधिक, उन्हाळ्यांत कमी. वेल हिंवाळ्यांत पानें टाकून झोंपते. मार्चअखेर किंवा एप्रिलांत डोळे फुटतात, जूनच्या आरंभीं फुलोरा येतो, जुलैअखेर किंवा ऑगस्टांत मण्यांत पाणी उतरून रंग चढूं लागतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी होते. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत शंभर दिवस, असा तेथील जुना आडाखा आहे. जीं द्राक्षें आमच्याकडे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वाढून जानेवारी ते मार्चमध्यें बाजारांत येतात, त्यांच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे तेथील हंगाम आमच्या हंगामाच्या अगदीं उलट बाजूस पडतो हें दिसेल.

बोर्डो विद्यापीठांतील प्राध्यापक देनी द्युबुर्दियू (मृत्यु २०१६) यांनीं तांबड्या वाईनचें साल उत्तम निघण्यास पांच गोष्टी जुळून याव्या लागतात असें सांगितलें आहे. पहिली, फुलोरा लवकर व एकदम यावा. दुसरी, मणी धरतांना हवा उबदार व कोरडी असावी. तिसरी, पाण्याचा ताण हळूहळू बसून रंग चढण्यापूर्वींच शेंड्याची वाढ थांबावी. चौथी, ऑगस्ट व सप्टेंबरांत पुरेसें ऊन मिळून फळ पूर्ण पिकावें. पांचवी, तोडणीच्या दिवसांत पाऊस नसावा. ह्या पांचही अटी तारखांच्या आहेत, बेरजेची एकही नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. आतां त्या एकेक पाहूं.

अटींपूर्वीं एक संकट असतें, तें थंडीचें. फेब्रुवारी १९५६ मध्यें इतकी कडाक्याची थंडी पडली कीं पोमेरोल व सांतेमिलियों ह्या भागांतील हजारों वेली मुळासकट मेल्या. एप्रिल १९९१, एप्रिल २०१७ व एप्रिल २०२१ ह्या वर्षीं वेली वांचल्या, पण नुकते फुटलेले कोंब एका-दोन रात्रींत करपले. अशा रात्रीं तेथील लोक मळ्यांत शेंकडों मेणबत्त्या पेटवितात व हवा ढवळण्यासाठीं मोठे पंखे फिरवितात. त्यानें सर्व कांहीं वांचत नाहीं, पण कांहीं वांचतें.

पुढें जूनमधील फुलोरा. ह्या पंधरवड्यांत गार वारा व पाऊस असेल तर फुलें गळतात. जे मणी धरतात ते सारखे नसतात, एकाच घडांत कांहीं टपोरे व कांहीं वाटाण्याएवढे राहतात, आणि तोडणीच्या दिवशीं पिकलेलें व कच्चें एकत्र हातांत येतें. २०१३ सालीं हेंच घडलें. वसंत ऋतु गार व ओला गेला, फुलोरा बिघडला, पुढें कुजही लागली, आणि १९९१ नंतरचें सर्वांत लहान पीक हातीं आलें. गुणानेंही तें वर्ष हलकेंच ठरलें. उलट १९६१ सालीं मेअखेर दंव गोठून व पुढें गळ होऊन पीक असेंच निम्म्यावर आलें; परंतु ऑगस्ट कोरडा व सप्टेंबर उन्हाचा गेल्यामुळें वेलीवर राहिलेल्या थोड्या घडांस सारें पोषण मिळालें, आणि त्या शतकांतील अत्युत्तम वर्षांत १९६१ ची गणना होऊं लागली. दोन्ही वर्षीं फुलोऱ्यांत नुकसान झालें. पुढच्या तीन महिन्यांनीं एकाचें सोनें केलें व दुसऱ्याची माती. म्हणून एका आपत्तीवरून सालाचा निवाडा करणें हें उतावीळपणाचें आहे.

तिसरी अट ताणाची. ती आमच्या बागाईतदारांस, विशेषतः संत्र्याच्या बागा करणारांस, समजावून सांगावी लागणार नाहीं. बहार धरण्यासाठीं ताण द्यावा लागतो हें ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. द्राक्षवेलीस भरपूर पाणी मिळत राहिलें तर ती शेंडा वाढवीतच राहते. पानांनीं केलेली साखर नव्या कोंबांत खर्च होते, आणि मणी फुगून पाणचट होतो. मेर्लो किंवा काबर्ने सोव्हिन्यों ह्या तांबड्या जातींचा मणी चिरून पाहिल्यास आंतला गर फिका असतो. वाईनचा तांबडा रंग व तुरटपणा देणारें टॅनिन हीं सालींत व बियांत असतात. हिरड्यांत व बाभळीच्या सालींत जो तुरटपणा असतो, त्याच जातीचा हा. म्हणून मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानानें साल अधिक येते, व रंग आणि कस दोन्ही वाढतात. ताण मात्र बेताचा हवा; तो अति झाला तर पानें काम करीनाशीं होतात व मणी पिकण्याऐवजीं सुकतो.

ह्या बाबतींत २०१६ सालाचें उदाहरण पाठ करून ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं जानेवारीपासून जूनपर्यंत इतका पाऊस झाला कीं मळेवाले हताश झाले होते. नंतर जूनच्या उत्तरार्धांत आकाश मोकळें झालें, व सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस जवळजवळ पडलाच नाहीं. वरची जमीन वाळली. परंतु खालच्या थरांत मुरलेलें पाणी मुळांस थोडेंथोडें मिळत राहिलें. ताण बसला, पण वेल कोलमडली नाहीं. सप्टेंबरच्या मध्यास एक पाऊस येऊन तहानेल्या वेलींस धीर मिळाला, आणि पुढें तोडणी होईपर्यंत हवा पुनः कोरडी राहिली. केवळ वर्षाची बेरीज पाहणारा मनुष्य २०१६ चें वर्ष ओलें होतें असें म्हणेल. प्रत्यक्षांत तें अलीकडच्या काळांतील सर्वोत्कृष्ट वर्षांपैकीं एक मानलें जातें.

चौथी अट पिकण्याची. उन्हानें साखर वाढते व आंबटपणा उतरतो. लिटरभर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखर आंबून मद्यार्काचें शेंकडा एक प्रमाण होतें. म्हणून उन्हाळा जितका तीव्र, तितकी वाईन जहाल. ऊन कमी पडलें तर काबर्नेसारख्या उशिरा पिकणाऱ्या जातींत ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास राहतो. ऊन फारच झालें तर सालींतील रंग धरत नाहीं, आंबटपणा अजिबात उडून जातो, आणि वाईन बेचव व भडक होते. रात्री गार असल्या म्हणजे दिवसाच्या उन्हानें साखर वाढूनही आंबटपणा टिकतो. २०१० च्या सालाची कीर्ति पुष्कळशी ह्यामुळेंच आहे.

पांचवी अट तोडणीची. पक्व मण्यांवर पाऊस पडला म्हणजे मणी पाणी ओढून घेतो, रस पातळ होतो, साल तडकते, आणि करडी बुरशी चढते. १९६४ साल ह्याचा उत्तम दाखला आहे. उन्हाळा उत्कृष्ट गेला होता. नदीच्या उजव्या तीरास लवकर पिकणाऱ्या मेर्लोची तोडणी उरकली होती. तेथील वाईन नामांकित झाली. डाव्या तीरास, मेदोकांत, आणखी थोडें पिकूं द्यावें म्हणून पुष्कळ मळेवाले थांबले. ऑक्टोबरच्या ८ तारखेच्या सुमारास पाऊस लागला, तो दोन आठवडे उघडला नाहीं. ज्यांनीं आधीं तोडलें ते तरले, व जे थांबले त्यांच्या हातीं पाणी आलें. साल एकच, प्रांत एकच, उन्हाळा एकच; अंतर पडलें तें आठ-दहा दिवसांच्या निर्णयाचें.

येथेंच आमच्या लेखाचा दुसरा मुद्दा येतो. एकच साल सर्व शेतांस सारखें नसतें. २००३ च्या ऑगस्टांत साऱ्या पश्चिम युरोपांत उष्णतेची भयंकर लाट आली; एकट्या फ्रान्समध्यें सुमारें पंधरा हजार माणसें तीमुळें दगावलीं. बोर्डो प्रांतांत ज्या खडकाळ, वाळूगोट्यांच्या जमिनींत एरव्हीं उत्तम वाईन होते, त्यांतील कित्येक मळे त्या वर्षीं होरपळले. आणि सांतेस्तेफ गांवच्या ज्या चिकण जमिनीस एरव्हीं गार व जड म्हणून नांवें ठेवीत, तिनें ओल धरून ठेवल्यामुळें तेथील वाईन इतरांहून सरस निघाली. थोड्या पावसाच्या वर्षीं काळ्या जमिनीचें पीक तग धरतें व मुरमाड माळाचें वाळतें, आणि अतिवृष्टींत नेमकें उलट होतें, हें आपण नित्य पाहतों. त्यांतलाच हा प्रकार. बोर्डो येथील संशोधक व्हान लीव्हन व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ ते २००० ह्या पांच वर्षांत तीन प्रकारच्या जमिनींत तीन जाती लावून तुलना केली, तेव्हां हवामान व जमीन यांचा परिणाम जातीच्या परिणामाहून अधिक दिसला. आणि ह्या दोहोंचा परिणाम मुख्यतः वेलीस पाणी केव्हां व किती मिळतें ह्या एका वाटेनें होतो, असें त्यांस आढळलें.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनीं तर हें सारें एका गणितांत बसविलें. जुन्या सालांच्या बोर्डो वाईनला लिलांवांत काय किंमत येते, हें त्यांनीं त्या त्या सालच्या हवामानाशीं ताडून पाहिलें. हंगामापूर्वींच्या ऑक्टोबर ते मार्च ह्या महिन्यांतील पाऊस, एप्रिल ते सप्टेंबरपर्यंतची सरासरी उष्णता, ऑगस्ट-सप्टेंबरांतील पाऊस, आणि वाईनचें वय, एवढ्याच गोष्टी त्यांनीं घेतल्या. हिंवाळ्यांतील पाऊस किंमत वाढवितो व पिकतेवेळचा पाऊस ती घटवितो असें निघालें. एकाच पावसास एका जागीं अधिक चिन्ह व दुसऱ्या जागीं उणें चिन्ह! हें गणित १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झालें, तेव्हां चाखून परीक्षा करणारे तज्ज्ञ फार रागावले. परंतु १९८९ चें साल थोर निघेल हें त्याचें अनुमान चुकलें नाहीं. तरीही ह्या गणिताची मर्यादा स्पष्ट आहे. तें प्रांताचें बोलतें, शेताचें नाहीं. १९६४ सालीं कोणता मळेवाला आठ तारखेपूर्वीं तोडणी उरकील, हें त्यास सांगतां येणार नाहीं.

मनुष्याच्या हाताचा भाग किती, हें २०१८ सालानें दाखविलें. त्या वर्षींचा वसंत ओला व उबदार होता. केवड्यानें कहर केला. पुढील उन्हाळा कडक व कोरडा गेला, व ज्यांचे घड वांचले त्यांची वाईन उत्कृष्ट झाली. परंतु कृत्रिम औषधें वर्ज्य मानणाऱ्या शातो पामेर ह्या नामांकित मळ्यांत हेक्टरीं अवघें ११ हेक्टोलिटर, म्हणजे एकरीं साडेचारशें लिटरांहूनही कमी पीक हातीं आलें. एरव्हीं तेथें याच्या तिप्पट-चौपट येतें. मोरचुदाचें औषध पानावर बसतें, आंत शिरत नाहीं; पाऊस तें धुऊन नेतो, व पुनः फवारावें लागतें. ज्या भागांत बोर्डो मिश्रणाचा जन्म झाला, तेथेंच पावसानें त्याचा पराभव केला. मळेवाल्यांनीं तो मार्ग सोडावा कीं धरावा, हा प्रश्न आम्ही येथें सोडवीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, "२०१८ उत्तम" ह्या दोन शब्दांत त्या शेतकऱ्याचें रिकामें पिंप दिसत नाहीं.

आणि उत्तम सालानें शेतकऱ्याचें घर भरतेंच असेंही नाहीं. बोर्डोच्या मोठ्या मळ्यांची वाईन बाटल्यांत भरण्यापूर्वीं, पिंपांत असतांनाच, पुढच्या वसंतांत व्यापाऱ्यांस विकली जाते. भाव मुख्यतः सालाच्या बोलवेवर ठरतो. लहान मळेवाल्यास ती बोलवा क्वचितच उपयोगी पडते. २०२२ चें साल गुणानें उत्कृष्ट ठरलें. त्याच वर्षीच्या डिसेंबरांत शेंकडों मळेवाले, माल विकत नाहीं म्हणून, बोर्डो शहराच्या रस्त्यांवर उतरले. वेली उपटून टाकण्यासाठीं आम्हांस मदत द्या, ही त्यांची मागणी होती, व २०२३ मध्यें हेक्टरीं ६००० युरो देऊन वेली उपटण्याची योजना तेथें निघाली. साल चांगलें होणें निराळें व शेतकऱ्याचें चांगलें होणें निराळें. पहिलें आकाशाच्या हातीं, तर दुसऱ्यास बाजाराची रीत व शेतकऱ्यांची एकजूट लागते.

मग तारखांच्या नोंदी ठेवून काय साधतें? नोंद ठेवल्यानें पाऊस थांबतो काय, असें कोणी विचारील. थांबत नाहीं. परंतु फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतांतील बोन ह्या गांवची हकीकत ऐकावी. तोडणीच्या मजुरीचे हिशेब, नगरसभेचे ठराव वगैरे कागदांवरून तेथील तोडणीच्या तारखा १३५४ पासून २०१८ पर्यंत जुळविण्यांत आल्या, व २०१९ सालीं त्या प्रसिद्ध झाल्या. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीनें २८ सप्टेंबरास सुरू होई. १९८८ पासून ती सुमारें तेरा दिवस आधीं होऊं लागली. हवा तापत आहे, ह्याचा याहून सरळ पुरावा कोणता? तो पुरावा वेधशाळेच्या यंत्रांनीं दिलेला नव्हे. मजुरांची मजुरी चुकती करणाऱ्या कारकुनांनीं, आपण इतिहास लिहीत आहोंत हें न जाणतां, लिहून ठेविलेला आहे. अशा बदलाची खात्री पटल्यामुळेंच बोर्डो प्रांतांत २०२१ सालीं चार तांबड्या व दोन पांढऱ्या, मिळून सहा नव्या जाती प्रयोगादाखल लावण्यास परवानगी मिळाली. त्यांत पोर्तुगालची तूरिगा नासिओनाल आहे. मळ्याच्या क्षेत्रांत त्यांचें प्रमाण शेंकडा पांचाहून अधिक नसावें, अशी अट आहे. जेथें वर्षानुवर्षांचा कागद आहे, तेथें निर्णय सावकाश पण पायावर उभे राहून घेतां येतात.

आतां आमच्याकडे वळूं. नाशिक, सांगली व त्या आसपासच्या द्राक्षबागांत आपण एप्रिलांत खरड छाटणी व पावसाळा संपतांना गोडी छाटणी करितों. बोर्डोच्या मळेवाल्यास डोळे फुटण्याची तारीख निसर्ग सांगतो; आपल्यास ती आपली कात्री सांगते. म्हणजे आपल्या पिकाचा फुलोरा कोणत्या हवेंत यावा, हें पुष्कळ अंशीं आपण निवडितों. तसेंच फ्रान्समध्यें नामांकित प्रांतांच्या वाईनसाठीं द्राक्षवेलीस उन्हाळ्यांत पाणी देणें विशेष परवानगीवांचून चालत नाहीं. आपल्याकडे ठिबकाची तोटी आपल्या हातांत असते, आणि ताण केव्हां द्यावा हेंही आपणच ठरवितों. ज्यास निवड करण्याची मुभा अधिक, त्यास नोंदीची गरजही अधिक. मागील दहा वर्षांत कोणत्या तारखेच्या छाटणीचा फुलोरा अवकाळी पावसांत सांपडला, हें कागदावर नसेल तर यंदाची तारीख आपण शेजाऱ्याकडे पाहूनच ठरविणार.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. द्राक्षासारख्या फळपिकांसाठीं आपल्या राज्यांत हवामानावर आधारलेली विमा योजना आहे. तींत नुकसानभरपाई ठरते ती ठराविक मुदतींत ठराविक मर्यादेपलीकडे पाऊस किंवा थंडी पडली कीं नाहीं यावरून. आणि तें मोजलें जातें हवामान केंद्रावर, आपल्या बांधावर नव्हे. केंद्रावर उघाड व आपल्या शेतांत मुसळधार, असें घडूं शकतें. शेतकऱ्याच्या वहीनें केंद्राचा आंकडा एकदम बदलेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका गांवांतील वीस जणांनीं एकाच रीतीनें, रोजच्या रोज, पर्जन्यमापकाचा आंकडा लिहून ठेविला असेल, तर केंद्र कोठें असावें ह्याविषयीं बोलतांना त्यांच्या हातीं कांहीं तरी असेल. नुसत्या तक्रारीस कोणी जुमानीत नाहीं. वीस वह्या सहज बाजूस सारतां येत नाहींत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक द्राक्षबागाईतदारानें एक वही घालावी. तींत प्रत्येक प्लॉटापुढें छाटणीची तारीख, डोळे फुटल्याची, फुलोऱ्याची, मण्यांत पाणी उतरल्याची व तोडणीची तारीख लिहावी. बांधावर साधा पर्जन्यमापक लावून रोज सकाळीं आठ वाजतां पाऊस मोजावा, व पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. शून्य लिहिण्याचा आळस करणाराची वही निकामी होते. रात्रीचें कमींत कमी व दिवसाचें जास्तींत जास्त उष्णतामान लिहावें. फवारणी व पाणी यांच्या तारखा लिहाव्या. शेवटीं मालाचें वजन, साखरेचें प्रमाण व मिळालेला भाव लिहावा. जमीन चिकण कीं मुरमाड, हें पहिल्या पानावर असावें. द्राक्षें नसतील त्यांनीं हीच वही कांद्याची, डाळिंबाची किंवा तुरीची ठेवावी. पिकाच्या अवस्थांचीं नांवें तेवढीं बदलतील. दर वर्षीं पीक निघाल्यावर गांवच्या पांच-दहा जणांनीं एकत्र बसून वह्या शेजारीं-शेजारीं मांडाव्या. ज्याचें साधलें त्याचें कोणत्या आठवड्यांत साधलें, व ज्याचें बिघडलें त्याचें कोणत्या आठवड्यांत बिघडलें, हें त्या दिवशीं दिसेल.

पाऊस आपल्या हातीं नाहीं, आणि तो पुढें अधिकच लहरी होईल अशीं चिन्हें आहेत. परंतु साल खोटें निघालें असें म्हणतांना, तें कोणत्या आठवड्यांत खोटें निघालें हें ज्यास सांगतां येतें, त्याचें पुढचें साल थोडें तरी त्याच्या हातीं असतें. येत्या छाटणीपूर्वीं वही घातली जावी, एवढीच आमची आमच्या बागाईतदार बंधूंस विनंति आहे.